जपानी बेस गिटार : प्रवाद आणि प्रमाण

जुन्या जपानी बेस गिटारांच्या बाजारात ज्या एका शब्दाने विक्रेत्यांना सर्वाधिक द्रव्यलाभ करून दिला असेल आणि संग्राहकांची सर्वाधिक दिशाभूल केली असेल, तो शब्द म्हणजे ‘लॉसूट’, अर्थात खटला, होय. 1970 ते 1985 च्या दरम्यान जपानात तयार झालेल्या आणि एखाद्या विख्यात अमेरिकन वाद्याशी साम्य असलेल्या कोणत्याही बेसला हे बिरुद बेधडक चिकटवले जाते. आणि त्याच्या समर्थनार्थ अशी आख्यायिका सांगितली जाते की, जपानी नकला मूळ वाद्यांपेक्षाही सरस निपजू लागल्यामुळे भयभीत झालेल्या अमेरिकन कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि त्यांचे उत्पादन बंद पाडले. आख्यायिका चित्तवेधक आहे, परंतु दप्तरी हकीकत पाहू गेल्यास तिच्यातील फारच थोडा भाग टिकतो.

ज्या खटल्यावरून हे बिरुद निघाले तो असा. गिब्सन कंपनी ज्या नॉर्लिन उद्योगसमूहाच्या मालकीची होती, त्याने 28 जून 1977 रोजी फिलाडेल्फिया येथील संघराज्य न्यायालयात एल्गर या पेढीविरुद्ध फिर्याद दाखल केली. नागोया येथील होशिनो गाक्की ही व्यापारी संस्था आपला माल ‘आयबानेझ’ या नावाने विकीत असे आणि एल्गर ही तिची अमेरिकेतील प्रतिनिधी होती. वादाचा मुद्दा काय, तर तारा पिळण्याच्या खुंट्या ज्या माथ्यावर बसवतात त्या हेडस्टॉकची वरची कड, जिला गिब्सनच्या परिभाषेत ‘उघडे पुस्तक’ म्हणत; वाद्याच्या नादाचा, गुणवत्तेचा किंवा एकंदर आकृतीचा तेथे प्रश्नच नव्हता. 1978 च्या आरंभी उभय पक्षांत न्यायालयाबाहेर तडजोड झाल्यामुळे निकाल म्हणून लागलाच नाही. आणि आयबानेझने ती वादग्रस्त कड फिर्याद दाखल होण्यापूर्वीच बदलावयास घेतली होती.

आता या हकीकतीचा बेस गिटारशी संबंध किती उरतो, हे वाचकानेच पाहावे. जपानी कारखान्यांनी बेसच्या ज्या नकला सर्वाधिक केल्या, त्या फेंडरच्या 1951 च्या प्रिसिजन बेसच्या आणि 1960 च्या जॅझ बेसच्या. आणि फेंडर कंपनी या खटल्यात पक्षकार नव्हती. तेव्हा प्रिसिजनच्या घाटाच्या जपानी बेसला ‘लॉसूट’ म्हणणे म्हणजे ज्या दाव्यात त्याचे नावही नव्हते त्या दाव्यातला आरोपी म्हणून त्याला उभे करणे होय. या शब्दाचा मला जो विषाद वाटतो, तो केवळ त्याच्या असत्यतेमुळे नव्हे. मात्सुमोतो आणि हामामात्सु येथील कारागिरांनी वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने जे कौशल्य संपादन केले, त्याची सारी कीर्ती हा शब्द अमेरिकेतील एका तडजोडीच्या पदरात टाकतो, हे मला अन्यायाचे वाटते.

याहून खोलवर रुजलेला, आणि ओळख पटविण्याच्या कामी अधिक घातक असा समज म्हणजे हेडस्टॉकवरील नाव हेच निर्मात्याचे नाव असते, हा. यामाहा किंवा तोकाई यांच्याबाबतीत तो पुष्कळसा खरा ठरतो, कारण हामामात्सुतील या संस्थांचे स्वतःचे कारखाने होते. पण होशिनो, कांदा शोकाई, आरिया या मूलतः व्यापारी पेढ्या. त्या नमुना ठरवीत, दर ठरवीत, आणि काम दुसऱ्याकडून करवून घेत. हे काम करणाऱ्यांपैकी दोन प्रमुख कारखाने नागानो प्रांतातील मात्सुमोतो या एकाच डोंगराळ गावी होते. पहिला फुजीगेन, ज्याची स्थापना 1960 साली झाली आणि ज्याने आयबानेझ व ग्रेको या दोन्ही नावांची असंख्य वाद्ये घडविली. दुसरा मात्सुमोकु, जो 1951 साली लाकूडकामाचा कारखाना म्हणून निघाला, शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या करता करता वाद्यांकडे वळला, आणि 1987 साली बंद पडला. आरिया प्रो टू, वेस्टोन, इलेक्ट्रा, युनिव्हॉक्स, शिवाय 1970 नंतरची कित्येक वर्षे गिब्सनच्याच घरातील एपिफोन, ही सारी नावे मात्सुमोकुच्या एकाच छपराखालून बाहेर पडत होती. सेंट लुइस म्युझिक या अमेरिकन पेढीने ‘इलेक्ट्रा’ म्हणून विकलेला बेस आणि युरोपात भलत्याच नावाने विकला गेलेला बेस हे सख्खे भाऊ असू शकतात, तर एकाच नावाखालचे दोन बेस अगदी निराळ्या कारखान्यांतले.

तेव्हा नाव हा पुरावा दुय्यम प्रतीचा. प्रथम प्रतीचा पुरावा असतो तो नेक ज्या खोबणीत बसते तिच्यात, पिकअपच्या खाली आणि नियंत्रणांच्या पोकळीत. तेथे कारखान्याने कोणत्या पद्धतीने लाकूड कोरले, वायरी कशा नेल्या, कोणता शिक्का मारला किंवा पेन्सिलीने काय खूण केली, हे विक्रीसाठी कोणी सजवून ठेवलेले नसते. याच्या उलट, नेकच्या सांध्यावरील पोलादी पट्टीवर ‘स्टील ॲडजस्टेबल नेक’ अशी अक्षरे दिसताच ‘हा मात्सुमोकुचा’ असा निर्वाळा देण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला उतावीळपणाची वाटते. अशा पट्ट्यांवर एका कारखान्याची मक्तेदारी नव्हती.

अनुक्रमांकाविषयीही दोन परस्परविरोधी भ्रम प्रचलित आहेत. अनुक्रमांक नसेल तर वाद्य खोटे, असे एक पक्ष मानतो. आणि अनुक्रमांक असेल तर वर्ष निःसंशय कळते, असे दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे : सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धात पुष्कळ जपानी वाद्यांवर अनुक्रमांक घालण्याची पद्धतच नव्हती, आणि आयबानेझने तारीख सांगणारी क्रमांकपद्धती सुरू केली ती 1975 साली. तिच्यात पहिले अक्षर महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन अंक वर्षाचे. म्हणजे ‘एच78’ ने सुरू होणारा बेस ऑगस्ट 1978 चा. इतकी स्वच्छ व्यवस्था मात्र इतरत्र मिळेलच असे नाही. मात्सुमोकुच्या पुष्कळ वाद्यांत वर्ष पहिल्या एका किंवा दोन अंकांत असते, आणि एकच अंक असल्यास दशक कोणते हे पिकअप, खुंट्या व घाट पाहूनच ठरवावे लागते. यामाहाने काही काळ अंकांऐवजी अक्षरे योजिली, ज्यांत एच म्हणजे एक, आय म्हणजे दोन असा क्रम लागतो. तेथेही दशक मुग्धच राहते. क्वचित नेकच्या बुंध्यावर ‘53’ असा आकडा आढळतो, आणि अननुभवी ग्राहक हर्षभरित होऊन ते वाद्य 1953 चे समजतो. पण जपानात सम्राटाच्या राजवटीवरून वर्षे मोजण्याची रीत आहे, आणि शोवा शकाच्या वर्षात 25 मिळविले की इसवी सनाचा हिशेब लागत असल्यामुळे ते वाद्य 1978 चे ठरते.

आवाज कमीजास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरवरील अंकांचेही असेच. अमेरिकन वाद्यांच्या परीक्षेत 137 ने सुरू होणारा अंकसमूह सीटीएस या निर्मात्याचा, आणि त्यापुढील अंक वर्ष व आठवडा सांगणारे, हा नियम उपयोगी पडतो. जपानी पोटेन्शिओमीटरवर तोच नियम लादल्यास निव्वळ कल्पित वर्षे हाती येतात. उलट जपानी भागांचा दांडा सहसा 6 मिलिमीटरचा आणि अमेरिकन भागांचा पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा असल्यामुळे, जपानी बेसमध्ये पाव इंची दांडा सापडला तर मूळचे भाग कोणीतरी बदलले असावेत, असा संशय घेण्यास पुरेसे कारण मिळते.

फेंडर जपानचे प्रकरण विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण तेथे प्रवाद आणि प्रमाण यांचे मिश्रण फार गुंतागुंतीचे झाले आहे. 1982 साली फेंडरने कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या दोन पेढ्यांशी करारनामा करून ही संस्था उभारली आणि काम फुजीगेनकडे सोपविले. म्हणजे ज्या कांदा शोकाईच्या ग्रेको नावाखाली फेंडरच्या नकला विकल्या जात होत्या, तिलाच फेंडरने भागीदार केले. नकलांचा बंदोबस्त फिर्यादीने न करता भागीदारीने करण्याचा हा मार्ग व्यवहारचातुर्याचा होता यात शंका नाही. या आरंभीच्या वाद्यांवरील ‘जेव्ही’ ही अक्षरे आज संग्राहकांच्या आदराचा विषय आहेत, आणि तो आदर अस्थानी नाही. पण ‘जेव्ही’ म्हटले की सर्व एकाच दर्जाचे, हा समज साफ चुकीचा आहे. त्या काळच्या जपानी नमुना-क्रमांकात बहुधा किंमतच लिहिलेली असे : ‘जेबी62-115’ म्हणजे 1962 च्या घाटाचा, 1 लाख 15 हजार येन किमतीचा जॅझ बेस, आणि ‘जेबी62-75’ म्हणजे त्याच घाटाचा 75 हजार येनांचा. दोन्हींवर तीच आद्याक्षरे असू शकतात, दोन्ही एकाच कारखान्यातून आलेले असतात, परंतु किमतीत 40 हजार येनांचे अंतर ठेवताना सामग्रीत आणि कामात कारखान्याने अंतर ठेवले नसेल, असे समजणे भोळेपणाचे होईल. ग्रेको आणि तोकाई यांनीही पुष्कळ नमुन्यांना अशीच किंमतदर्शक नावे दिली होती. सबब जपानी बेस विकत घेताना वयाआधी त्याची प्रतवारी विचारावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

जपानी फेंडर म्हणजे दुय्यम माल, असे म्हणणाऱ्यांनी 1985 सालची हकीकत लक्षात घ्यावी. त्या वर्षी फेंडरची तत्कालीन मालक सीबीएस हिने ती कंपनी विकली, पण फुलरटन येथील कारखाना त्या विक्रीत समाविष्ट नव्हता; परिणामी कॅलिफोर्नियातच कोरोना येथे नवे काम मार्गी लागेपर्यंत फेंडरचा व्यापार प्रामुख्याने जपानी वाद्यांनीच चालविला. संकटकाळी ज्यांनी घर सावरले त्यांना कनिष्ठ लेखणे शोभत नाही.

बुंध्यावरील ‘क्राफ्टेड इन जपान’ ही मुद्रा ‘मेड इन जपान’ पेक्षा अधिक हस्तकौशल्य दर्शविते, असेही ऐकू येते. वास्तविक सुमारे 1997 साली फेंडर जपानचे काम फुजीगेनकडून तोकाई आणि डायना या कारखान्यांकडे गेले, त्या सुमारास मुद्रेची भाषा बदलली. 2015 च्या सुमारास जुनी भाषा पुन्हा आली. मुद्रेचा खरा उपयोग कालनिर्णयासाठी आहे. ‘ए’ या अक्षरापुढे सहा अंक असलेला क्रमांक ‘मेड’ या मुद्रेसह आढळल्यास वाद्य 1985–86 चे, आणि ‘क्राफ्टेड’ या मुद्रेसह आढळल्यास 1997–98 चे. मुद्रा न पाहता केवळ क्रमांक वाचणारा येथे बारा वर्षांनी फसतो.

लाकडाविषयी थोडे. सत्तरीच्या पूर्वार्धातील बऱ्याच नकलांची बॉडी प्लायवूडची असे, आणि वर ॲश लाकडाचा सुबक पापुद्रा लावलेला असल्यामुळे समोरून पाहणाऱ्यास ती अखंड वाटे. पिकअप काढून खोबणीची कड पाहिली म्हणजे थर दिसतात. सनबर्स्ट रंगाच्या वाद्यात कडा मुद्दाम गडद ठेवलेल्या असल्याने बाहेरून ते कळणे कठीण. तथापि प्लायवूड म्हणजे टाकाऊ असे मी म्हणणार नाही. पिकअप चांगले आणि नेक सरळ असेल तर तसला बेसही मैफलीत उत्तम साथ देतो, फक्त त्याला अखंड लाकडाचा भाव देऊ नये. अखंड बॉडी आढळली आणि रेषा ॲशसारख्या दिसल्या, तरी ते लाकूड पुष्कळदा ‘सेन’ या पूर्व आशियाई वृक्षाचे असते.

फिंगरबोर्डबाबत विक्रेत्यांचा एक दावा मात्र प्रत्येक संग्राहकाने सावधपणे घ्यावा. गडद लाकूड दिसले की ते ब्राझिलियन रोझवूड आहे, असे सांगून किंमत चढविली जाते. केवळ रंगावरून हा निर्णय होत नाही. आणि जगभरच्या वाद्यनिर्मात्यांप्रमाणे जपानी कारखान्यांतही भारतीय रोझवूड, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानांत वाढणारा शिसवी वृक्ष, मोठ्या प्रमाणावर वापरात होता. ही गोष्ट आपल्याकडील वाचकास अभिमानाची वाटावी अशी आहेच, पण तिला कायद्याचीही बाजू आहे. ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे त्या लाकडाचे वाद्य सरहद्दीपार नेण्यास परवाना लागतो, तर शिसवीच्या तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीपासून त्या करारात सूट आहे. भाव चढविण्यासाठी कागदावर लिहिलेले ते एक विशेषण जकात-नाक्यावर वाद्य अडकवून ठेवू शकते.

आखूड स्केलचे, म्हणजे 30 इंचांच्या आसपासचे जपानी बेस पोरांसाठी असतात, या समजुतीवर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही. 34 इंचांच्या बेसपेक्षा त्यांचा नाद निराळा असतो, आणि कित्येक वादक तो नाद हवा म्हणूनच ते घेतात.

प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी मात्र नाव, वर्ष आणि लाकूड या तिन्हींपेक्षा नेकची प्रकृती आधी पाहावी. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली किती फट राहते ते पाहावे. फट बारीक हवी, आणि ट्रस रॉड फिरविल्यावर ती कमीजास्त झाली पाहिजे. रॉड शेवटपर्यंत आवळलेला असूनही नेक वाकलेलीच राहत असेल, तर ‘जेव्ही’ अक्षरांचे मोल बरेच उतरते, कारण नेक दुरुस्त करण्याचा खर्च वाद्याच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकतो. खुंट्या, पोटेन्शिओमीटर, ब्रिज हे भाग झिजतात आणि वाजवायच्या वाद्यात ते बदलावेही. पण काढलेला प्रत्येक मूळ भाग, गंजलेला असला तरी, चिठ्ठी लावून वाद्याच्या पेटीतच ठेवावा. तो बेस पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला कारखान्याची आणि सालाची रुजवात त्या भागांवरूनच घालावी लागणार आहे.