खांदेरीची बत्ती

लोणार म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी उल्का आठवते. गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर, विवरातली कमळजादेवी, गोमुखाची धार यांची चौकशी मग सवडीनं होते. एका मोठ्या ओळखीखाली जागेच्या बाकीच्या ओळखी झाकल्या जातात, हे आम्हा बुलढाणेकरांना वेगळं सांगायला नको. समुद्रापासून इतक्या दूर बसून अलिबागजवळच्या खांदेरीवर लिहावंसं वाटलं, ते याच कारणानं. खांदेरी म्हणजे मराठ्यांचं आरमार, हे पक्कं ठाऊक असतं. तिथल्या दीपगृहाची आणि ते सांभाळणाऱ्या माणसांची गोष्ट मात्र क्वचितच निघते.

थळच्या किनाऱ्यासमोरचं हे बेट मुंबई बंदराच्या दक्षिणेला, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर आहे. म्हणूनच शिवाजी महाराजांची त्यावर नजर होती. १६७२ मधला किल्ला बांधण्याचा प्रयत्न इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या विरोधामुळे राहून गेला. १६७९ च्या पावसाळ्यात महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी माणसं आणि सामान घेऊन बेटावर उतरले. इंग्रजांच्या गलबतांनी वेढा घातला, पण वारा पडला की मोठी जहाजं जागीच खिळत. मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांच्या जोरावर, रात्रीच्या अंधारात, रसद घेऊन निसटत. दौलतखानाच्या मराठी आरमारानं जोर लावला आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला. त्याच महिन्यात सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली. पुढे १७१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या खांदेरीवर इंग्रज पुन्हा चालून आले आणि हात हलवत परतले.

दीड शतकानंतर याच खडकाची गरज वेगळ्या कामासाठी भासली, आणि त्या गरजेचा एक धागा थेट आपल्या वऱ्हाडापर्यंत येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. मुंबईच्या कापूस व्यापाराला उधाण आलं, बंदरातली वर्दळ वाढली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावला फाटा मिळाला. खांदेरीचं दीपगृह उभं राहिलं तेही १८६७ मध्येच. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला होईपर्यंत विलायतेला जाणारी मालाची जहाजं आफ्रिकेला वळसा घालत, म्हणजे मुंबईहून दक्षिणेकडेच निघत. बुलढाण्याच्या काळ्या मातीत पिकलेल्या कापसाचं नशीबही त्या वाटेवरच्या दिव्याशी बांधलेलं होतं.

वरकरणी हा दिवा सरकारचा; प्रत्यक्षात तो जागणाऱ्या माणसांचा होता. तेलाच्या दिव्यांच्या काळात सूर्यास्ताला बत्ती लावायची आणि सूर्योदयापर्यंत तिची ज्योत राखायची. काजळी धरली की उजेड मंदावतो, म्हणून काच आणि भिंगं रोज पुसायची. फिरत्या भिंगांच्या दीपगृहांत घड्याळासारखं यंत्र असे. मनोऱ्याच्या पोटात लोंबणारं वजन हळूहळू खाली उतरे, त्याच्या ओढीनं भिंगं फिरत. वजन तळाला टेकण्याआधी हँडल मारून ते पुन्हा वर चढवायचं, तेही रात्रभर, पाळीपाळीनं. प्रत्येक दीपगृहाच्या उजेडाची लय ठरलेली असते आणि खलाशी त्या लयीवरूनच जागा ओळखतो. रखवालदाराची डुलकी लागून लय चुकली तर तांडेलाला भलतंच ठिकाण वाटायचं. दिवसा भिंगांवर पडदे ओढावे लागत, कारण त्यातून एकवटलेलं ऊन आग लावू शकतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की थळच्या होड्या बंद. साठवलेल्या शिध्यावर दिवस काढायचे, आजारपण आलं तर हवामान निवळायची वाट बघायची.

१९२७ च्या दीपगृह कायद्यानं देशभरच्या दीपगृहांचा कारभार एका व्यवस्थेखाली आणला. पुढे वीज आली, सौरऊर्जा आली, जहाजांवर उपग्रहाधारित यंत्रं आली. रात्रभर हँडल मारण्याचं काम संपलं आणि त्याबरोबर ते कसब जाणणारी पिढीही ओसरत चालली आहे.

बेटावर तोफगाड्यांसकट टिकलेल्या तोफा आहेत. ठोकला की धातूसारखा वाजणारा खडक आहे. कोळीबांधवांचा वेताळ आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यात खांदेरीही आहे. याचा आनंद मोठा आहे. पण याच खडकानं आधी शत्रूची जहाजं अडवली आणि नंतर कोणत्याही निशाणाच्या जहाजाला वाट दाखवली. दोन्ही कामं मराठी किनाऱ्याच्या इतिहासातच मोडतात. म्हणून किल्ल्याच्या माहितीफलकावर दीपगृहालाही जागा मिळावी, जुन्या नोंदवह्या जपल्या जाव्यात आणि निवृत्त रखवालदारांच्या, त्यांच्या घरच्यांच्या आठवणी वेळेत ध्वनिमुद्रित व्हाव्यात. तट आणखी काही शतकं उभे राहतील. या माणसांच्या आठवणींना तेवढी मुदत नाही.