छपरावरचा बर्फाचा बांध

छप्पर गळायचे ते पावसाळ्यात, असा आपला अनुभव. पण जगात अशीही घरे आहेत की जी ऐन हिवाळ्यात गळतात. बाहेर तपमान शून्याखाली दहा अंश सेल्सिअस, पावसाचा थेंब नाही, आणि घरात मात्र छतातून टपटप पाणी पडते आहे! अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. बॉस्टन शहरात २०१४-१५ च्या हिवाळ्यात विक्रमी, म्हणजे एकूण सुमारे २८१ सेंटिमीटर हिम पडले, तेव्हा असंख्य घरांची छते आणि भिंती अशाच भिजल्या. एवढ्या कडाक्याच्या थंडीत हे पाणी आले कोठून? चला, शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राच्या आधारे शोध घेऊ.

प्रथम दोन शब्दांतील फरक लक्षात घ्या. आकाशातून भुरभुर पडते ते हिम, आणि पाणी गोठून होतो तो बर्फ. हिमाच्या स्फटिकांमध्ये पुष्कळ हवा अडकलेली असते. म्हणून कापसाप्रमाणे हिमही उष्णतेचे मंद वाहक आहे. छपरावर हिम साचले म्हणजे जणू घरावर गोधडीच पडली.

आता तेथील घर डोळ्यांसमोर आणा. खाली माणसे राहतात त्या खोल्या २० अंशांपर्यंत तापवलेल्या. त्यांच्या छतावर काचतंतूंची जाड गादी अंथरलेली, म्हणजे उष्णता वर जाऊ नये. त्यावर रिकामा पोटमाळा. त्यावर उतरते लाकडी छप्पर, आणि त्यावर आपल्या कौलांप्रमाणे एकावर एक चढवून ठोकलेले डांबरी तुकडे. छप्पर भिंतीच्या बाहेर थोडे पुढे आलेले असते. ती वळचण. वळचणीखाली तापलेली खोली नसते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

विजेचे दोन रोध एकसरीत जोडले, तर एकूण विभवांतर त्यांच्यात रोधांच्या प्रमाणात वाटले जाते. उष्णतेचेही तसेच आहे. छताची गादी हा एक रोध, हिमाचा थर हा दुसरा, आणि तपमानांतील फरक म्हणजे विभवांतर. एक चौरस मीटरमधून एक वॅट उष्णता जाण्यास जितक्या अंशांचा फरक लागेल, तो त्या थराचा उष्णतारोध. साचलेल्या २५ सेंटिमीटर हिमाचा रोध ढोबळमानाने २.५ धरा, आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून पोटमाळ्यातील हवा सध्या विसरा.

समजा, गादी ३२ सेंटिमीटर जाड आहे. तिचा रोध सुमारे ८. आत २० अंश, बाहेर उणे १०, म्हणजे फरक ३० अंशांचा. एकूण रोध १०.५. हिमाच्या वाट्याला येतील ७ अंश. म्हणजे हिमाच्या तळाचे तपमान सुमारे उणे ३. हिम जसेच्या तसे राहील.

आता गादी फक्त ८ सेंटिमीटर जाड, म्हणजे रोध २ आहे असे समजा. वरीलप्रमाणे वाटणी केली तर हिमाच्या तळाचे तपमान शून्याच्या वर जाऊ लागते. पण हिम आहे तोवर ते शून्यावर जाऊ शकत नाही. तेथे हिम वितळू लागते आणि तळ शून्यावरच राहतो. खालून दर चौरस मीटरला २० भागिले २, म्हणजे १० वॅट उष्णता येते. हिमातून बाहेर जाते १० भागिले २.५, म्हणजे ४ वॅट. उरलेले ६ वॅट हिम वितळवतात. छप्पर १०० चौरस मीटरचे असेल तर ६०० वॅट झाले. एक किलोग्रॅम हिम वितळण्यास ३,३४,००० ज्यूल लागतात, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. गणित करून पाहा : दिवसाला सुमारे १५५ लिटर पाणी!

हे पाणी हिमाच्या गोधडीखालून उतारावर वाहू लागते आणि वळचणीपाशी येते. तेथे खालून ऊब नाही. छपराचे तपमान बाहेरच्या हवेइतके. पाणी गोठते. काही पाणी पागोळ्यांवाटे गळता गळता गोठून बर्फाचे सुळके बनते. श्रीनगरच्या घरांना लोंबणारे असे सुळके तुम्ही वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत पाहिले असतील. उरलेल्या पाण्याचा वळचणीवर थरावर थर चढून बांध तयार होतो, आणि त्याच्यामागे पाण्याचे तळे साचते.

कौले असोत की डांबरी तुकडे, त्यांची रचना वाहत्या पाण्यासाठी असते, साचलेल्या पाण्यासाठी नव्हे. आपल्याकडे पालापाचोळ्याने पन्हळ तुंबली तर पाणी उलट फिरून आत शिरते, त्यातलाच हा प्रकार. तळ्याची पातळी वाढली की पाणी तुकड्यांच्या सांध्यांतून वर चढते आणि लाकडातून आत झिरपते. काचतंतूंची गादी भिजते. भिजलेल्या गादीतील हवेची जागा पाणी घेते आणि तिचा रोध घटतो. म्हणजे अधिक उष्णता वर, अधिक हिम वितळणार, बांध अधिक मोठा! शिवाय लाकूड कुजते, भिंतींना बुरशी धरते, ती वेगळीच.

मग उपाय काय? पुष्कळांना वाटते की वळचण तापवावी. तशा विजेच्या तारा मिळतातही. पण त्यांवर वीज खर्च होते आणि मूळ दोष तसाच राहतो. छप्पर तापवायचे नसून थंड ठेवायचे आहे, हे खरे सूत्र.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, छतातील फटी बुजवणे. दिवे, तारा, नळ आणि धुराडे यांच्याभोवतीच्या फटींतून खोलीतील ऊन हवा थेट पोटमाळ्यात चढते. दुसरी, गादी पुरेशी जाड करणे. तिसरी, पोटमाळ्यात हवा खेळवणे. वळचणीखाली आणि आढ्याशी झरोके ठेवले की खालून थंड हवा आत येते आणि चुकून वर आलेली ऊब आढ्यातून निघून जाते. अमेरिकी सैन्यदलाच्या हॅनोव्हर येथील शीतप्रदेश प्रयोगशाळेतील वेन टोबायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात इमारतींवर मोजमापे घेऊन असे दाखवले की, बाहेर उणे ५.५ अंश असताना पोटमाळा उणे १ अंशाच्या खाली राहिला, तर त्रासदायक बांध सहसा होत नाहीत.

तरीही बांध झालाच तर पाणी आत येऊ नये, म्हणून तेथील नमुना बांधकाम-नियमांत, जेथे पूर्वी असे घडले आहे त्या भागांत, वळचणीच्या कडेपासून बाहेरील भिंतीच्या आत निदान ६१ सेंटिमीटरपर्यंत जलरोधक पट्टा घालण्यास सांगितले आहे. ताजे हिम जमिनीवरूनच लांब दांड्याच्या दंताळ्याने ओढून काढणे हाही चांगला उपाय. कुऱ्हाड घेऊन निसरड्या छपरावर चढणे मात्र जिवावर बेतू शकते, आणि घावांनी छप्पर फुटते ते निराळेच.

म्हणून हिमवृष्टीनंतर शेजारची छपरे हिमाने पांढरी असताना एखादेच उघडे पडलेले दिसले, तर त्या घरात ऊब जास्त आहे असे समजू नका. पैसे देऊन विकत घेतलेली ऊब तेथे छपरावाटे वाया जात आहे, आणि तीच घराचे नुकसान करीत आहे.

जाता जाता एक उदाहरण. आत २० अंश, बाहेर उणे २० अंश, आणि गादीचा रोध ५ आहे. हिमाचा थर किती सेंटिमीटर जाड झाला म्हणजे त्याचा तळ वितळण्याच्या बेतात येईल? (उत्तर : ५०)