ऐनवेळी भाव पाडला तर

भाईंदरजवळच्या चौक गावात घर विकायला काढलं, दर ठरला, इसारही मिळाला. साठेखताच्या आदल्या दिवशी ग्राहक म्हणतो, ‘दोन लाख कमी करा.’

अशा वेळी घाईने होकार देऊ नये. आधी कारण विचारावं. गळती किंवा कागदपत्रातली खरी त्रुटी असेल तर बोलणी रास्त ठरतात.

नुसता दबाव असेल तर इसारपावती कामी येते. 2012 मध्ये सतीश बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: हमी म्हणून घेतलेला इसार, पावतीत तशी स्पष्ट अट असल्यास, खरेदीदाराच्या चुकीने व्यवहार मोडल्यावर जप्त करता येतो, किमतीपोटी दिलेली आगाऊ रक्कम मात्र तशी ठेवता येत नाही.

म्हणून पावतीत दर, मुदत आणि जप्तीची अट स्वच्छ लिहावी. दुसऱ्या इच्छुकाचा नंबरही जपावा.