हिवाळ्यातलं श्रमदान : नवं लावण्याआधी जुनं जगवा

दिवाळी सरली आणि थंडी पडू लागली की गावोगावी महाविद्यालयांची श्रमदान शिबिरं भरतात. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. सात दिवसांचं निवासी शिबिर हा तिचा महत्त्वाचा भाग. मुलं दत्तक गावात मुक्कामाला येतात आणि पंचायतीची बाग, शाळेचं आवार, देवळाचा परिसर त्यांच्याकडं सोपवला जातो. शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते रोपं लागतात, फोटो निघतो. एप्रिलात जाऊन बघा, खड्डा असतो, रोप नसतं.

यात मुलांचा दोष नाही, काम ठरवणाऱ्यांचा आहे. डिसेंबर-जानेवारीत लावलेल्या रोपाची मुळं पसरण्याआधीच ऊन त्याला गाठतं. कोरडवाहू जागेत लागण करायची ती मृगाचा पाऊस झाल्यावर. हिवाळ्यात करायचं ते आहे त्या झाडाला उन्हाळा पार करून देण्याचं काम.

मग मुलांना काय काम द्यावं?

पहिलं काम आळ्यांचं. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. बुंध्याला मातीची भर द्या आणि फांद्यांच्या घेराखाली गोल आळं करा, कारण पाणी ओढणारी बारीक मुळं तिकडंच असतात. आळ्यात तीन-चार इंच पाचोळ्याचं आच्छादन घाला, मात्र बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा. ओल टिकते आणि पाण्याच्या पाळ्या कमी होतात.

दुसरं, वाळलेल्या व रोगट फांद्या काढणं. काप करवतीनं स्वच्छ घ्या, कोयत्यानं साल सोलू नका. कापावर बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर हे तिचं प्रमाण. ती प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात कालवा, लोखंडी भांडं वापरू नका. झाडाला ठोकलेले खिळे व फलकही याच वेळी काढून टाका. शहरात मात्र १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे, तिथं परवानगीशिवाय झाडाला हात लावू नये.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, पाचोळा. साग, शिरीष यांची पानगळ याच दिवसांत होते. झाडून ढीग केला आणि काडी लावली, ही आपली जुनी खोड. राख उरते, पण सेंद्रिय पदार्थ आणि नत्र हवेत जातं. त्यापेक्षा दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा काढा. पाचोळ्याचा वीतभर थर, त्यावर शेणकाला, पुन्हा थर, असा तो भरा आणि ओल राखा. महिन्यानं एकदा वरखाली करा. तीन-चार महिन्यांत, म्हणजे पावसाळी लागणीच्या आधी, खत हाताशी येतं.

आता थोडं रोखठोक. गावच्या बागेत पाचोळा खड्ड्यात घालणारे आपण, तोडणी झाली की स्वतःच्या फडातलं पाचट पेटवतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. ते सरीत दाबा. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. एकराला हेच ३२, ४० आणि ४ किलो होतं. पाणी दिलं की खोडव्याला तेच खत. शिबिरातल्या मुलांना बागेचा खड्डा दाखवाल, तेव्हा शेजारचा न पेटवलेला फडही दाखवता आला पाहिजे.

कोल्हापुरात टाउन हॉलची बाग तुम्ही पाहिली असेल. ती इमारत १८७२ ते १८७६ या काळात उभी राहिली, आणि १९४९ पासून तिथं वस्तुसंग्रहालय आहे. भोवतीची जुनी झाडं आज सावली देतात, ती एका दिवसाच्या समारंभानं वाढलेली नाहीत. कुणीतरी प्रत्येक उन्हाळ्यात त्यांना पाणी घातलं.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. शिबिराचा समारोप हारतुऱ्यांवर आटोपू नका. बागेतली झाडं मोजा, त्यांना नंबर द्या आणि फेब्रुवारी ते जून कुठल्या झाडाला कुणी, कोणत्या वारी पाणी घालायचं, हे नावानिशी वहीत लिहा. यादी पंचायतीच्या भिंतीवर लावा. मुलं सात दिवसांनी घरी जातील, पुढच्या पाच महिन्यांचं पाणी गावाला घालायचं आहे.