खोगिराखालचा हात

माथेरानात मोटारीला बंदी. दस्तुरी नाक्याला गाडी लावली की पुढे पायी जा, मिनी ट्रेन पकडा नाहीतर घोड्यावर बसा. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. तरी पर्यटकांना पॅनोरमापासून शार्लोट लेकपर्यंत फिरवणं आणि हॉटेलांचं सामान वर नेणं, यात घोड्या-खेचरांचा वाटा आजही मोठा आहे. हे सगळं ओझं टेकतं ते कण्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या, जेमतेम हातभर लांब अशा मांसल पट्ट्यांवर. त्यांच्यावर काय बसतं आणि कसं बसतं, यावर त्या जनावराचं अख्खं आयुष्य ठरतं.

घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. खोगीर बसायला हवं खांद्याच्या हाडाच्या मागे आणि शेवटच्या बरगडीच्या पुढे. त्यामागे कमरेखाली आधाराला बरगडी नाही, तिथे वजन पडलं तर घोडा पाठ आत घेतो. मानेच्या मुळाशी जो हाडांचा उंचवटा असतो त्याला तर खोगिराने शिवायचंही नाही. स्वार बसल्यावर उंचवटा आणि खोगिराची कमान यांच्यात दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. ही गोष्ट कायद्यातसुद्धा आहे. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली जे नियम केले, त्यांत कमान आणि उंचवटा यांच्यात पुरेशी मोकळी जागा ठेवल्याशिवाय घोड्यावर खोगीर चढवू नये, असं म्हटलं आहे. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून जास्त ओझं लादायला मनाई आहे आणि दिवसाला ९ तासांहून जास्त काम घ्यायलाही.

७० किलो हा आकडा मला सढळच वाटतो. घोड्याने त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ओझं वाहावं, असं जाणकार सांगतात, आणि त्यात खोगीरही धरायचं. म्हणजे ३०० किलोंच्या तट्टाने सगळं मिळून ६० किलो. सुट्टीच्या दिवशी दस्तुरीला उभं राहून कोण कशावर बसतंय ते पाहावं. वजनाची चौकशी कुणीच करत नाही. ती गिऱ्हाइकाने आपणहून करायला हवी, कारण हातातलं भाडं सोडणं घोडेवाल्याला परवडत नाही.

नवी चप्पल पायाला लागते तसं खोगीर पाठीला लागतं. फरक एवढाच की चप्पल आपण काढून हातात घेऊ शकतो. घासल्याने वरचे केस तुटतात, कातडी सोलवटते. ती जखम निदान दिसते तरी. दाबाची जखम मात्र आतून सुरू होते. एकाच जागी तासन् तास दाब राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, मांस उपाशी राहतं. खोगीर उतरवल्यावर तिथे गरम, दुखरी सूज येते आणि काही दिवसांनी वरची कातडी कडक होऊन सुटते. बऱ्या झालेल्या जागी पुष्कळदा पांढरे केस उगवतात, कारण केसाला रंग देणाऱ्या पेशी मेलेल्या असतात. काळ्या-तांबड्या घोड्याच्या पाठीवर असे पांढरे ठिपके दिसले, तर ते बहुधा जुन्या खोगिराचे असतात.

माथेरानच्या जांभ्याची तांबडी धूळ यात भर घालते. घामाने ओल्या गादीत ती अडकते आणि चालीच्या प्रत्येक हेलकाव्याला कातडी घासत राहते. म्हणून खोगीर चढवण्याआधी पाठीला खरारा, मग वरून उघडा तळहात: एक खडा नको, सुकलेल्या घामाची एक खपली नको. गादी जागेच्या थोडी पुढे ठेवून मागे सरकवायची, म्हणजे खालचे केस आपल्या दिशेने बसतात. उलट सरकवली तर ते दुमडतात आणि तिथेच चोळवटतात. मग ती गादी मधोमध कमानीत वर उचलून घ्यायची, कण्यावर ताणलेली राहता कामा नये. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळायचा नाही. दोन-तीन टप्प्यांत आवळायचा आणि शेवटी पुढचा एकेक पाय उचलून पुढे ओढायचा, म्हणजे तंगाखाली दुमडलेली कातडी सुटते. हे सगळं करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

उतरवतानाही घाई नको. जुन्या घोडदळांत तंग सैल करून खोगीर थोडा वेळ पाठीवरच ठेवण्याची शिस्त होती, दाबलेल्या जागी रक्त हळूहळू परतावं म्हणून. मग खोगीर काढून घामाचा नकाशा वाचायचा. ओल्या पाठीवर मध्येच एखादा कोरडा चट्टा दिसला तर तिथे दाब इतका पडला की घामही आला नाही, असं समजावं. उद्याची जखम तिथे असते. हा चट्टा ओळखणारा घोडेवाला मला पदवीधारकाइतकाच जाणता वाटतो.

जखम झालीच तर औषध एकच, ते म्हणजे खोगीर बंद. हलक्या मिठाच्या पाण्याने धुवावं, माश्यांपासून जपावं, आणि खोल असेल तर डॉक्टर. गादीला जखमेएवढं भोक पाडून काम चालू ठेवणं हा उपाय नाही. भोकाच्या कडेवर दाब वाढतो आणि जखम रुंदावते. जळकं ऑइल फासणं तर निव्वळ छळ आहे.

तंगाखालच्या जखमेमागे कधी कधी गोचीड निघते. ती चावलेली गाठ तंगाने घासली की फुटते. गोचीड पातळ कातडी शोधते: आयाळीच्या मुळाशी, कानात, जबड्याखाली, शेपटीखाली, मांड्यांच्या आत. रोज हात फिरवल्याशिवाय ती सापडत नाही, नजरेला तर नाहीच. सापडली की बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची आणि सरळ, सावकाश ओढायची. रॉकेल ओतू नये, बिडीचा चटका देऊ नये. डिवचलेली गोचीड पोटातलं परत जखमेत सोडू शकते. बोटांत चिरडूही नये. कारण तिच्यातून घोड्याच्या रक्तात बारीक परजीवी शिरतात आणि तांबड्या पेशी फोडतात. ताप, फिकट किंवा पिवळ्या हिरड्या, गडद लघवी, चारा सोडणं ही त्याची लक्षणं. वरून बरा झालेला घोडाही पुढे वर्षानुवर्षं रोग बाळगू शकतो.

औषधाच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक पागेच्या दारावर लिहावी असं मला वाटतं. गायी-म्हशींच्या आणि कुत्र्यांच्या गोचिडांवर सर्रास वापरलं जाणारं अमिट्राझ घोड्याला लावू नये. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते, लीद अडकते, पोटशूळ उठतो आणि जनावर दगावू शकतं. शेजारच्या गोठ्यातली बाटली 'गोचिडाचंच औषध' म्हणून उचलली जाते आणि घात होतो. घोड्यासाठी कोणतं औषध, किती पातळ करून, हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावं. तेही नुसतं अंगावर लावून भागत नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी जमिनीवर उतरते आणि भिंतीच्या भेगेत, लिदीखाली हजारोंनी अंडी घालते. भेगा बुजवणं, लीद रोज लांब टाकणं, आसपासचं गवत छाटणं आणि बाजारातून आणलेला नवा घोडा तपासून काही दिवस वेगळा बांधणं, हे सगळं औषधाच्या बरोबरीने करावं लागतं.