विद्युत् दाब नियंत्रक मंडलातील दोषशोधन

घटमालेकडून मिळणारा बदलता एकदिश विद्युत् दाब ठराविक मूल्यावर स्थिर ठेवून तो भाराला (उपकरणाला) पुरविणाऱ्या विद्युत् मंडलास दाब नियंत्रक मंडल म्हणतात. अशा मंडलाचा प्रदान दाब शून्य, कमी, जास्त किंवा अस्थिर झाल्यास दोष घटमालेत, नियंत्रकात, भारात की जोडणीत आहे हे मापनाच्या साहाय्याने क्रमाने निश्चित करणे म्हणजे दोषशोधन होय. केवळ अंदाजाने भाग बदलल्यास मूळ दोष तसाच राहतो व नवा भागही निकामी होण्याचा संभव असतो. शिवाय नियंत्रकाचा दाब वाढल्यास त्यावरील किंमती उपकरण क्षणार्धात जळू शकते.

कार्यतत्त्व : रेषीय नियंत्रकात घटमाला व भार यांच्या दरम्यान एक ट्रँझिस्टर असतो. प्रदान दाबाची तुलना अंतर्गत संदर्भ दाबाशी सतत केली जाते व त्यांतील फरकानुसार ट्रँझिस्टरमधील दाबपात कमीजास्त केला जातो. म्हणजे रेषीय नियंत्रक दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. नियंत्रण टिकण्यासाठी आदान दाब प्रदान दाबापेक्षा काही किमान फरकाने अधिक असावा लागतो. ‘७८०५’ या ५ व्होल्टच्या सुपरिचित संकलित मंडलात हा फरक सु. २ व्होल्ट असतो. बॉब डॉबकिन यांनी १९७६ मध्ये अभिकल्पित केलेल्या ‘एलएम ३१७’ या नियंत्रकाचा प्रदान दाब दोन बाह्य रोधकांच्या साहाय्याने १.२५ व्होल्टपासून पुढे हवा तसा ठरविता येतो.

घटमालेची तपासणी : घटमालेवरील मंडलात पहिला संशय घटमालेवर घ्यावा. तथापि भार न जोडता घेतलेले मापन फसवे असते. घट वापरला जातो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो व प्रवाह वाहू लागताच त्याच्या अग्रांवरील दाब घसरतो. ९ व्होल्टची जुनी घटमाला मोकळी असताना ८.५ व्होल्ट दाखवील आणि भार जोडताच ७ व्होल्टच्या खाली जाईल. अशा वेळी ७८०५ निर्दोष असूनही त्याचा प्रदान दाब ५ व्होल्टच्या खाली येतो. या घटमालेत १.५ व्होल्टचे सहा घट एकसरीत असतात. ७ व्होल्ट म्हणजे प्रत्येकी सु. १.१७ व्होल्ट झाले. त्या स्थितीतही घटांत उपयुक्त ऊर्जा शिल्लक असते, परंतु नियंत्रक ती वापरू शकत नाही. १२ व्होल्टच्या शिसे-अम्ल घटमालेवर १२ व्होल्टचा साधा नियंत्रक बसविणे ही याच प्रकारची चूक आहे. पूर्ण भारित घटमालेचा दाबही सु. १२.७ व्होल्टच असल्याने आवश्यक फरक मिळत नाही. घटमाला उलटी जोडली जाऊ नये म्हणून एकसरीत डायोड जोडतात. त्यात सु. ०.७ व्होल्ट खर्च होतात, हेही हिशेबात धरावे लागते.

तपासणीचा क्रम : प्रथम घटमाला सोडवून जोडणीचे निरीक्षण करावे. अग्रांचा क्रम सर्व नियंत्रकांत सारखा नसतो. ७८०५ मध्ये तो आदान, सामाईक व प्रदान असा, तर एलएम ३१७ मध्ये समायोजन, प्रदान व आदान असा असतो. फुगलेली धारित्रे, सैल स्प्रिंगा आणि डाख नीट न बसलेले सांधे शोधावेत. शिसे-अम्ल घटमालेतून शॉर्ट सर्किट झाल्यास फार मोठा प्रवाह वाहतो. म्हणून घटमालेलगत योग्य क्षमतेची वितळतार असल्याशिवाय पुढील मापन करू नये.

यानंतर भार जोडून मल्टिमीटरने घटमालेच्या अग्रांवरील व मग प्रत्यक्ष नियंत्रकाच्या अग्रांवरील आदान दाब मोजावा. या दोन मापनांत लक्षणीय फरक आढळल्यास दोष स्विच, तार किंवा घटधारक यांत असतो. नियंत्रकाचे सामाईक अग्र व घटमालेचे ऋण अग्र यांच्यातील दाब जवळजवळ शून्य असावा. शेवटी भार काढून त्याच्या जागी रोधक जोडावा. ५ व्होल्टसाठी ५० ओहम व १ वॉट क्षमतेचा रोधक पुरतो. त्यातून १०० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो व ०.५ वॉट शक्ती खर्च होते. या रोधकावर दाब योग्य आढळला, तर दोष भारात असण्याचा किंवा भार प्रमाणाबाहेर प्रवाह घेत असण्याचा संभव अधिक असतो.

लक्षणे व कारणे : (१) प्रदान दाब आदान दाबाच्या जवळपास पोहोचत असल्यास ७८०५ चे सामाईक अग्र तुटलेले असते किंवा आतील ट्रँझिस्टर निकामी झालेला असतो. एलएम ३१७ मध्ये समायोजन अग्रापासून ऋण अग्राकडे जाणारा रोधक तुटल्यास हेच घडते. भार त्वरित काढावा. (२) मंडल काही मिनिटे चालून बंद पडत असेल व थंड झाल्यावर पुन्हा चालू होत असेल, तर ते अतितापनाचे लक्षण होय. १२.६ व्होल्टच्या घटमालेवरून ५ व्होल्ट व ०.५ अँपिअर घेतल्यास नियंत्रकात (१२.६ − ५) × ०.५ = ३.८ वॉट उष्णता निर्माण होते. धातूच्या पट्टीविना त्याचे तापमान दर वॉटला सु. ६५° से. वाढते. त्यामुळे आतील तापसंरक्षण प्रवाह तोडते. (३) भार नसतानाही नियंत्रक तापत असल्यास व दाबाचे मापन अस्थिर असल्यास उच्च कंप्रतेची आंदोलने होत असण्याचा संभव असतो. त्यांची खात्री ऑसिलोस्कोपने होते. ७८०५ च्या अगदी जवळ आदान बाजूस ०.३३ व प्रदान बाजूस ०.१ मायक्रोफॅराडचे धारित्र जोडल्याने ती सामान्यतः थांबतात. (४) उपकरण बंद असूनही घटमाला संपत असल्यास नियंत्रकाचा स्वतःचा प्रवाह मोजावा. ७८०५ मध्ये तो सु. ५ मिलिअँपिअर असतो व दिवसाकाठी १२० मिलिअँपिअर-तास खर्च करतो.

उपाय : घटमालेसाठी अल्प दाबफरकावर चालणारे नियंत्रक अधिक सोयीचे असतात. मात्र त्यांपैकी अनेकांना प्रदान बाजूस ठराविक धारकतेचे व ठराविक अंतर्गत रोधाचे धारित्र लागते. ते न मिळाल्यास नवीन मंडलही आंदोलित होते. दाबफरक मोठा असल्यास स्विचनावर आधारलेला नियंत्रक वापरतात. यात उष्णता कमी होते व घटमाला अधिक काळ टिकते. तथापि घटमालेचा दाब घसरताच असा नियंत्रक अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे दाब आणखी घसरतो व मंडल वारंवार चालू-बंद होते. अशा वेळीही नियंत्रक बदलण्यापूर्वी भारित स्थितीतील घटमालेचा दाब मोजणे आवश्यक असते.