बॅग भरली, कुलूप लावलं... आता निर्धास्त?

‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्याने कपाटातील दागिने व रोकड लंपास केली.’

सोलापुरात वाढलेल्या कुणालाही या छापाचं वाक्य तोंडपाठ असतं. पेपरच्या आतल्या पानावर, सिंगल कॉलम. जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो नाहीतर शेळगी, फक्त कॉलनीचं नाव बदलतं. आपण चहाचा घोट घेत वाचतो, ‘अरेरे’ म्हणतो आणि पान उलटतो. मीही उलटायचे. एका सकाळी त्या बातमीत माझ्या मावशीचं घर होतं.

मावशी पुण्याला गेली होती. कारण नेहमीचंच, सोलापुरातल्या निम्म्या घरांचं असतं तेच. मुलगा आयटीत, सून बाळंतीण, नातीला बघायला महिनाभर मुक्काम. दूधवाल्याला सांगून झालं होतं, गॅस बंद केला होता, दाराला दणदणीत कुलूप होतं. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या अक्कांचा फोन आला. दार उघडं दिसतंय म्हणून. चार तोळे गेले. त्यात मावशीच्या आईच्या पाटल्या होत्या.

पण खरं नुकसान तोळ्यांत मोजता येत नाही. त्यानंतर मावशी एक रात्रही घराबाहेर राहिली नाही. पंढरपूरला गेली तरी संध्याकाळी परत. नातीचा पहिला वाढदिवस तिने व्हिडिओ कॉलवर बघितला. चोराने दागिने एका रात्रीत नेले, मावशीचं फिरणं मात्र दोन वर्षं बंद पडलं.

म्हणून दोस्तहो, यंदाचं गोवा, महाबळेश्वर किंवा मनाली बुक करण्याआधी हे दहा मिनिटं वाचाच. घाबरवायचं नाहीये. उलट, तुम्ही बिनधास्त जावं म्हणूनच हा खटाटोप!

चोर आधी काय बघतो?

सिनेमातला चोर काचेवर वर्तुळ कापतो. खऱ्या चोराला इतके कष्ट नको असतात. त्याला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं : घरात कुणी आहे का?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या संशोधकांनी शिक्षा झालेल्या ४२२ घरफोड्यांनाच प्रश्न विचारले. २०१२ मध्ये आलेल्या या अभ्यासात सुमारे ८३ टक्के जणांनी सांगितलं, की घरात शिरण्याआधी अलार्म आहे का हे आम्ही बघतो. आसपास माणसं किंवा कुत्रा दिसला तर अनेक जण दुसरं घर शोधतात. म्हणजे तुमचं घर अभेद्य किल्ला असण्याची गरज नाही. त्याला ते कटकटीचं वाटलं तरी पुरे.

आता आपल्या गल्लीत या. बंद घर चुगली कशी करतं? दारात साठलेले पेपर. वाळलेली तुळस. चार दिवस न पडलेला सडा, न निघालेली रांगोळी. भर दुपारी जळणारा व्हरांड्यातला बल्ब. आणि खास सोलापुरी खूण म्हणजे पाण्याचा दिवस! आपण वर्षानुवर्षं तीन-चार-पाच दिवसांआड पाणी भरत आलोय. त्या दिवशी अख्ख्या गल्लीत मोटारी सुरू असतात, पाइप पसरलेले असतात, आरडाओरडा चालू असतो आणि एकाच घरी शुकशुकाट! जाहिरात करायची वेगळी गरजच काय?

दुसरी सोलापुरी खूण उन्हाळ्याची. पारा ४३-४४ वर गेला की आपण गाद्या घेऊन गच्चीवर. खाली दार नुसतं लोटलेलं. अशा वेळी घर बंदही नसतं आणि जागंही नसतं. सुट्टीला न जाताही चोरी होते ती अशीच. गच्चीवर झोपायला जाताना खालच्या दाराला कुलूप हवंच. आणि गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला सगळं घर बाहेर पडतं, तेव्हासुद्धा.

कवीच्या घरात शिरलेला चोर

जुलै २०२४ मधली नेरळची गोष्ट आठवतेय? कामगारांचे कवी नारायण सुर्वे यांचं तिथे घर आहे. सुर्वे २०१० मध्ये गेले. त्यांची कन्या आणि जावई या घरात राहतात. ते दोघं मुलाकडे विरारला गेले होते आणि घर दहाएक दिवस बंद होतं. चोर शिरला, टीव्हीसह काही वस्तू घेऊन गेला. आणखी काही न्यायला पुन्हा आला, तेव्हा त्याला सुर्व्यांचा फोटो आणि सन्मानचिन्हं दिसली. मग त्याने नेलेल्या वस्तू परत आणून ठेवल्या आणि माफी मागणारी चिठ्ठी भिंतीला चिकटवली!

गिरण्यांच्या भोंग्यावर जगलेल्या आपल्या गावाला तर ही बातमी जास्तच भिडली. पण भावुक होऊन झालं की दुसरी बाजूही बघा. मुलाकडे जायचं म्हणून दहा दिवस बंद राहिलेलं घर, आणि चोर तिथे एकदा नाही, अनेकदा आला. कुणी हटकलं नाही. आपल्या भिंतीवर सुर्व्यांचा फोटो असला, तरी आपल्या चोराने सुर्वे वाचलेले असतील याची गॅरंटी कोण देणार?

कुलूप मोठं, कोयंडा छोटा

आता पुन्हा त्या बातमीतलं वाक्य नीट वाचा. चोर कुलूप क्वचितच फोडतो. तो कडी-कोयंडा ‘उचकटतो’. आपण हजार रुपयांचं कुलूप आणतो आणि ते लावतो चार छोट्या स्क्रूंवर बसवलेल्या कोयंड्याला. चौकटीचं लाकूड जुनं असेल तर कटावणीच्या एका झटक्यात स्क्रू बाहेर. कुलूप शाबूत, घर साफ!

फंडा सोपा आहे. कोयंडा आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवा, नट आतल्या बाजूला येऊ द्या. सुताराचं अर्ध्या तासाचं काम. त्याहून बरं म्हणजे दारातच बसणारं कुलूप, म्हणजे बाहेर काही लटकत नाही. लटकतं कुलूप ‘आम्ही घरी नाही’ असं लांबूनच सांगतं. बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर त्याचं कुलूप आतल्या बाजूने लावा. मागचं दार, गच्चीचं दार, मोरीची खिडकी आणि एक्झॉस्ट फॅनची खाच हेही तपासा. पुढच्या दारावर आपण जेवढा खर्च करतो, तेवढं लक्षसुद्धा मागच्या दाराला देत नाही.

कॅमेऱ्याचं काय? लावा की, स्वस्त झालेत. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चोर जाताना रेकॉर्डिंगचा डबाच उचलून नेतात, तेव्हा तो टीव्हीखाली ठेवू नका किंवा क्लाउडवर साठवणारा कॅमेरा घ्या. आणि लाइट गेली की वायफाय जातं, वायफाय गेलं की तुमचा कॅमेरा आंधळा. राउटरला छोटा बॅकअप हवाच. कंपनीने दिलेला पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला.

तांदळाच्या डब्यातलं सिक्रेट

सोनं कुठे लपवता? तांदळाचा डबा, देवघर, साड्यांच्या घड्या, गादीखाली. माफ करा, पण ही सिक्रेट जागा चोरालाही ठाऊक आहे, कारण त्याच्या आईनेही तिथेच ठेवलंय. आणि कपाटाची चावी? कपाटावरच! मावशीची तिथेच होती.

एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा गाठला. आता दोन बांगड्या म्हणजे एका बाइकपेक्षा जास्त किंमत. तेव्हा लॉकर हवाच. मात्र लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार लॉकरमधला ऐवज आग, चोरी, दरोडा किंवा बँक कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. भाडं ३,००० असेल तर जास्तीत जास्त ३ लाख. आणि लॉकर रोकड ठेवण्यासाठी नसतो.

घराच्या विम्याबद्दलही एक गैरसमज. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. अशा संकटानंतरच्या ७ दिवसांत त्यामुळेच झालेली चोरी ती धरते. साधी घरफोडी नाही. त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ते घेताना ‘घर सलग किती दिवस बंद चालेल’ ही बारीक अक्षरातली अट वाचा.

आणि एक काम आज रात्रीच करा. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, बिलं स्कॅन करा. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तोही लिहून ठेवा. चोरीचा माल सापडला, तर ‘हा माझाच’ हे सिद्ध करायला यापेक्षा चांगला साक्षीदार नाही. मावशीकडे पाटल्यांचा एकच फोटो होता, लग्नातला, तोही ब्लॅक अँड व्हाइट.

स्टेटस थांबू द्या!

स्टेशनवर सेल्फी, ‘ऑफ टू गोवा, सी यू आफ्टर टेन डेज!’ वा! घर रिकामं किती दिवस, हेही सांगून टाकलंत. तुमच्या फोनमधल्या सहाशे नंबरांत जुना घरमालक आहे, इलेक्ट्रिशियन आहे, कुणाकुणाचे मित्र आहेत. फोटो काढा भरपूर, पण टाका परत आल्यावर. लाइक्स तेवढेच मिळतात!

शेजार नावाचा अलार्म

इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८०च्या दशकात तिथे घरफोड्यांचा सुळसुळाट होता. तिथे दोन-तीन साधे उपाय झाले. घरातल्या नाणी टाकायच्या मीटरमधली रोकड हटवली, कुलपं सुधारली आणि चोरी झालेल्या घराभोवतीच्या पाच-सहा घरांना एकमेकांवर लक्ष ठेवायला सांगितलं. काही महिन्यांतच घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या.

पाच-सहा घरांनी एकमेकांकडे बघायचं, याला आपल्या पेठांत कुणी प्रोजेक्ट म्हणत नव्हतं. तो शेजार होता. नव्या अपार्टमेंटमध्ये तो आपण हरवलाय. समोरच्या फ्लॅटवाल्याचं आडनाव माहीत आहे का तुम्हाला? जाण्याआधी बेल दाबा, नंबर द्या. येताना त्यांच्यासाठी काहीतरी आणा. शेंगा चटणीच्या एका पुडीवर आयुष्यभराची ओळख होते, बॉस!

जवळच्या पोलिस ठाण्यातही सांगून जा. सुट्ट्यांमध्ये पोलिस स्वतःच तसं आवाहन करतात. काही राज्यांत तर यासाठी खास सोय आहे. आंध्र पोलिस कळवलेल्या बंद घरात हालचाल टिपणारा कॅमेरा बसवतात, केरळ पोलिसांच्या अॅपवर बंद घराची माहिती देता येते.

आणि तरीही घडलंच तर?

दार उघडं दिसलं तर आत शिरू नका, चोर अजून आत असू शकतो. ११२ लावा. कशालाही हात लावू नका, नाहीतर ठसे तुमचेच मिळतील. १ जुलै २०२४ पासून भादंविच्या ओळखीच्या ४५४, ४५७, ३८० या कलमांची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३३१ आणि ३०५ ने घेतली आहे. चोरीसाठी रात्री घरफोडी केली तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

नवीन कायद्यात आपल्या उपयोगाचं म्हणजे, तुम्ही पुण्यात असाल आणि घर सोलापुरात फुटलं, तरी पुण्यातल्या ठाण्यात फिर्याद देता येते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत सही करायची. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या. जप्त माल खटला संपेपर्यंत अडकून पडू नये, पंचनामा आणि फोटो करून मालकाला लवकर द्यावा, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय. तेव्हा कोर्टात अर्ज करायला कचरू नका.

निघण्याआधीची दहा मिनिटं

• पेपर, दूध बंद. कुरियर शेजारी द्यायला सांगा.
• कपाटाची चावी घरात नको.
• मागचं दार, गच्ची, खिडक्या, पुन्हा एकदा.
• एक दिवा टायमरवर, संध्याकाळी लागेल असा.
• एक चावी आणि तुमचा नंबर शेजारी.
• पाण्याच्या दिवशी टाकी कोण भरणार, हे ठरलं का?

अक्कांचा फोन

यंदा नातीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मावशी ‘बघू, बघू’ करत होती. शेवटी शेजारच्या अक्काच म्हणाल्या, ‘जावा की वो ताई! मी हाय की इथं!’ कोयंडा बदलून झाला होता, दागिने लॉकरमध्ये होते. मावशीने चावी अक्कांच्या हातात दिली आणि हुतात्मा पकडली.

तिसऱ्या दिवशी अक्कांचा फोन. आज पाणी आलं, टाकी भरली, अंगण धुऊन रांगोळी काढली, रात्री पुढचा बल्ब लावते. मावशीने फोन ठेवला आणि मुलाला म्हणाली, ‘परतीचं तिकीट आठ दिवसांनी पुढं ढकलता येतंय का रे?’